एसटी, रेल्वे आणि खान्देशची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरंडोल ते जळगाव हे माझं रोजचं अपडाऊन. आधी मोटारसायकलनं जायचो, आता एसटीनं जातो. गाडी विकलेली नाही, फक्त रोजची बंद केली. तेव्हापासून स्टँडवर, पारावर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक तेच तेच प्रश्न विचारतात. ‘‘पेट्रोल परवडत नाही का भाऊ?’’ हा त्यातला पहिला. परवडत नाही, हे खरंच आहे. पण उरलेल्या प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

मी एकट्यानं गाडी घरी ठेवली तर असा काय फरक पडणार?

हा प्रश्न उलटा करून बघा. सकाळी साडेआठची बस तुम्ही असा-नसा, निघणारच आहे. डिझेल जाळणार आहे, बांभोरी ओलांडून गिरणेच्या पुलावरून जळगावात शिरणार आहे. तुम्ही तिच्यात बसलात तर तुमच्या साठ-सत्तर किलो वजनासाठी तिला जे जास्तीचं डिझेल लागेल, ते मोजायला चमचा पुरेल. तुमच्या मोटारसायकलचं पेट्रोल मात्र पूर्ण वाचतं.

माझाच हिशोब सांगतो. रोजचे जाऊन-येऊन साठ किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे १५,००० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत होती, म्हणजे ३०० लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला ६९० किलो झाले. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो आणि धूर सव्वादोन किलो कसा, असं आमच्या वर्गातल्या एका पोरानं विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो, वजन त्याचं वाढतं.

एसटीवाल्यांचा एक शब्द आहे, भारमान. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या त्याचं प्रमाण. डेपोत त्याच्याकडे पैशाच्या नजरेनं बघतात: भारमान पडलं की फेरी तोट्यात, तोट्यात गेली की फेरी बंद. मला विचाराल तर पर्यावरणाचा सगळा हिशोब याच एका शब्दात आहे. बस चांगली की वाईट, हे तिच्या इंजिनापेक्षा तिच्या बाकांवरून ठरतं.

प्रत्येक माणसामागे किती, ते आकड्यात सांगता येईल?

येईल. जळगाव ते धुळे घ्या, साधारण ९० किलोमीटर.

साधी लालपरी लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे २० लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो धरले तर एका फेरीला ५४ किलो कार्बन डायऑक्साइड. गाडीत चाळीस जण असले तर डोईमागे १.३५ किलो. वीस असले तर २.७.

चारचाकी लिटरला १५ देत असेल तर सहा लिटर पेट्रोल, जवळपास १४ किलो. एकटा माणूस बसला तर सगळे त्याच्या नावावर. चौघं बसले तर साडेतीन-साडेतीन.

मोटारसायकलला १.८ लिटर लागतं, म्हणजे ४.१ किलो. डबल सीट असेल तर माणशी २.१.

आता यातून निघतं काय? बसमध्ये चार प्रवासी असले की तिची एकट्यानं चालवलेल्या कारशी बरोबरी होते. पाचव्यापासून बस पुढे. एकट्या मोटारसायकलवाल्याशी बरोबरीला तेरा प्रवासी लागतात. आणि डबल सीट मोटारसायकलशी बरोबरी करायची तर गाडीत सव्वीस जण हवेत. हा शेवटचा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण तो कोणी सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला बस विरुद्ध कार असा हिशोब लागतो. आपल्याकडे खरी टक्कर मोटारसायकलशी आहे, आणि ती कमी पिते. दहा-बारा लोकांना घेऊन दुपारी तीनला धावणारी बस पर्यावरणाचं भलं करत नाही. तिला भरायची कशी, हा प्रश्न आहे.

हे आकडे फक्त टाकीतल्या इंधनाचे आहेत. गाडी बनवताना, तेल शुद्ध करताना जे जळतं ते यात नाही. तेही धरलं तर घरटी दोन-दोन गाड्यांचा हिशोब आणखी बिघडतो.

मग काळी-पिवळीत काय वाईट आहे? ती तर खच्चून भरल्याशिवाय निघतच नाही.

कार्बनच्या हिशोबात काहीही वाईट नाही. बारा माणसं घेऊन लिटरला दहा-अकरा किलोमीटर जाणारी जीप माणशी १.९ किलोच्या आसपास येते, म्हणजे अठ्ठावीस प्रवासी असलेल्या एसटीइतकीच. भारमानाच्या बाबतीत काळी-पिवळीवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे.

अडचण दुसरीकडे आहे. बाराची जीप अठरा घेऊन जाते, दोघं मागच्या शिडीवर असतात. आणि जीप जिथे धंदा आहे तिथेच जाते. सकाळी-संध्याकाळी गर्दीच्या मार्गावर ती एसटीच्या पुढे पाच मिनिटं सुटते, प्रवासी उचलते, मागून येणारी बस अर्धी रिकामी धावते. दोन्हींचं डिझेल जळतं. रस्त्यावर एकाच वेळी दोन अर्धवट सोयी असल्या की धूर पूर्ण निघतो.

एसटी तर काळा धूर सोडते. तिच्या मागे गाडी चालवून बघा!

बघितलंय. पांढरा शर्ट घालून बघितलंय.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, तो पृथ्वी तापवतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी. ती छातीत जाते आणि जो मागे आहे त्याला त्रास देते. जुन्या इंजिनाची भरलेली बस पहिल्या हिशोबात उत्तम आणि दुसऱ्यात नापास असू शकते. तक्रार चुकीची नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दहा लाखात ५० भागांवरून १० वर आलं, आणि नव्या बसच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसली. ड्रायव्हर मंडळी ‘युरिया टाकायचा’ म्हणतात ते याच गाड्यांत. ते द्रावण धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मोडतं. स्टँडवर उभी नवी बस आणि बाजूची पंधरा वर्षांची बस यांच्या धुराड्याजवळून नुसतं चालत गेलात तरी फरक नाकाला कळतो.

एक साधी गोष्ट मात्र इंजिनावर अवलंबून नाही. फलाटाला लागलेली गाडी दहा-दहा मिनिटं चालू ठेवायची काही गरज नसते. काही ड्रायव्हर बंद करतात, काही करत नाहीत. मी मागच्या दारातून नम्रपणे सांगून बघतो. कधी ऐकतात.

रेल्वे विजेवर चालते, पण वीज तर दीपनगरच्या कोळशाचीच ना?

बरोबर पकडलंत. भुसावळच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, धुरांडी घरातून दिसतात. दीपनगरच्या वीजकेंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळसा जळतो, राख निघते, आणि ‘विजेची गाडी म्हणजे शून्य धूर’ हे म्हणणं खोटं ठरतं. धूर फक्त जागा बदलतो.

तरी रेल्वे जिंकते, आणि त्याचं पहिलं कारण वीज नाहीच. कारण आहे चाक. लोखंडी रुळावर लोखंडी चाक नाण्याएवढ्या जागेवर टेकतं, दबत नाही, पसरत नाही. डांबरावरचं रबरी टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतं आणि सुटतं, त्यात ताकद वाया जाते. म्हणून तेवढंच वजन रुळावर ओढायला रस्त्यापेक्षा फार कमी ओढ लागते. दुसरं, एका गाडीत हजारभर माणसं. ‘सुरत–भुसावळ’ला सणाच्या दिवशी चढून बघा, भारमान म्हणजे काय ते बरगड्यांना कळेल. तिसरं, नव्या थ्री-फेज इंजिनांत ब्रेक लावला की मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. बसनं ब्रेक लावला की फक्त लायनर तापतं.

शिवाय तारेतली वीज एका दीपनगरची नसते, सगळीकडची मिसळलेली असते. साक्रीत शिवाजीनगरला २०१३ साली १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या आहेत. डिझेलचं इंजिन आज जसं आहे तसंच दहा वर्षांनी डिझेल पिणार. विजेचं इंजिन मात्र वीज जसजशी सुधारेल तसतसं आपोआप सुधारतं, त्याचा एक स्क्रूसुद्धा बदलावा लागत नाही.

आपल्याकडे रूळ कुठे आहेत तेही बघा. मुंबई–हावडा मार्गावर चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. तापीच्या खोऱ्यातून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव. धुळ्याला चाळीसगावची मेमू. पाचोरा–जामनेरची लाडकी पीजे २०२० पासून बंद आहे, आता तिथे ब्रॉडगेज व्हायचंय. चोपडा, यावल, शहादा, तळोदा, शिरपूर यांना रूळच नाही. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, तो धुळे-शिरपूरवरून जाणार आहे. आग्रा रोडवर रात्री ट्रकच्या दिव्यांची जी माळ दिसते, तिच्यातले थोडे जरी रुळावर गेले तरी आपल्या प्रवासी हिशोबाच्या कितीतरी पट इंधन वाचेल. सावदा-रावेरची केळी रेल्वेनं दिल्लीकडे जातच आली आहेत, त्यामुळे आपल्याला हे नवीन नाही.

ई-बस आली की प्रश्न मिटला?

नाही. इथे जरा थांबून हिशोब करा, कारण जाहिरातीत तो नसतो.

मोठी ई-बस एका किलोमीटरला एक युनिटच्या आसपास वीज खाते, एसी जोरात असेल तर जास्त. आपल्या देशातल्या एका युनिटमागे आज सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला ०.७ किलो. साध्या लालपरीचं आपण वर काढलं ते ०.६. धक्का बसला ना? एसी डिझेल बसशी तुलना केली तर ई-बस थोडी पुढे जाते, पण आजच्या विजेवर कार्बनचा हिशोब जवळपास बरोबरीचाच आहे.

मग ई-बस कशासाठी? गावातल्या हवेसाठी. तिला धुराडं नाही. जळगाव शहर देशाच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांची ती यादी आहे, त्यात नाव असणं भूषणाचं नाही. शहरात थांबत-थांबत धावणाऱ्या गाडीसाठी वीज उत्तम: दर थांब्याला ब्रेकमधून थोडी परत मिळते, आणि सिग्नलला उभी असताना काही जळत नाही. केंद्रानं २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० बसना मंजुरी दिली ती शहरांसाठीच. लांबच्या मार्गावर मात्र मी आधी जुन्या बस बदलून बीएस-६ आणाव्यात आणि फेऱ्या वाढवाव्यात, या मताचा आहे. एका भारी बसपेक्षा वेळेवर येणाऱ्या दोन साध्या बस जास्त मोटारसायकली घरी ठेवतील.

हवेचं सोडा, आमच्याकडे मुख्य त्रास धुळीचा आहे. बसनं धूळ कमी होते का?

होते, पण थोडी. आपली काळी माती वाळली की पीठ होते. साइडपट्टीवर उतरणारं प्रत्येक चाक ती उडवतं. एका बसच्या सहा चाकांऐवजी चाळीस मोटारसायकलींची ऐंशी चाकं साइडपट्टी घासत गेली तर काय होणार ते पाळधीच्या पुढे चहाच्या टपरीवर बसून बघा. टायर आणि ब्रेक झिजून जी पूड पडते ती वेगळीच, आणि ती विजेच्या गाड्यांतूनही पडते.

जागेचाही प्रश्न आहे. गाड्या वाढल्या की रस्ता रुंद होतो, रुंद होताना कडेचे कडुलिंब जातात. गोलाणी मार्केटजवळ गाडी लावायला जागा शोधत जे तीन फेरे मारता, त्या पेट्रोलचा हिशोब कोणत्याच तक्त्यात नसतो.

आमच्या गावाला गाडीच येत नाही. फाट्यावर उतरून चार किलोमीटर चालायचं का?

हा या पानावरचा सगळ्यात खरा प्रश्न आहे. वरचं सगळं या चार किलोमीटरवर अडतं. फाट्यापर्यंत मोटारसायकल काढलीच आहे तर पुढे जळगावलाच नेऊ, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

जिथे मुक्कामी गाडी येते तिथे चित्र वेगळं असतं. माझ्या मामांच्या गावाला मी हे लहानपणापासून बघतोय. रात्री शेवटची गाडी मारुतीच्या देवळापाशी लागते. पहाटे ड्रायव्हर बादलीभर पाणी मागून तोंड धुतो, जुन्या पेपरनं पुढची काच पुसतो. तोवर दुधाच्या कॅन येतात, कॉलेजच्या मुली पासचं कव्हर दप्तराला लटकवून येतात, दवाखान्याला जाणारी म्हातारी सगळ्यांच्या आधी येऊन पुढची जागा धरून बसलेली असते. कोणीतरी घराच्या दिशेनं ओरडतं, ‘‘चाल बरं लवकर, गाडी चुकी जाई!’’ कंडक्टर डबल बेल देतो तेव्हा अर्धं गाव आत असतं. ही एक फेरी किती मोटारसायकली घरी ठेवते, ते मोजायचं तर देवळासमोर उभं राहा.

म्हणून ग्रामसभेत रस्त्याच्या जोडीला फेरीचंही बोला. अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगार व्यवस्थापकाकडे द्यायचा, शाळा-कॉलेजच्या वेळा आणि पासधारक मुलांची संख्या सोबत जोडायची. संख्या जोडलेला अर्ज वाचला जातो. फेरी मिळाली की पहिले दोन महिने ती भरून दाखवा.

तोवर फाट्यापर्यंत सायकल. फाट्यावरच्या ओळखीच्या दुकानात ठेवायची. मी वर्षभर असंच केलं, सीट एकदा चोरीला गेली, बाकी काही नाही.

सातपुड्यात काय करायचं? धडगाव, मोलगीकडे?

तिथल्या माणसाला बस घेऊन पर्यावरण वाचवा, असं सांगायला मी जाणार नाही. तिथला माणूस मुळातच इतकं कमी इंधन जाळतो की हिशोब त्याच्याकडून नाही, आपल्याकडून सुरू व्हायला हवा. त्याला बस पाहिजे ती दवाखान्यासाठी, बाजारासाठी, आश्रमशाळेतून घरी येणाऱ्या पोरांसाठी. त्या कारणानं मिळाली की पुरे.

बायकांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट. याचा पर्यावरणाशी काय संबंध?

योजना त्यासाठी आलेल्या नाहीत. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास २०२२ मध्ये सुरू झाला, महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. पण परिणाम बसच्या बाकांवर दिसतो. आधी बायकोला माहेरी सोडायला नवरा गाडी काढायचा, सोडून एकटा परत यायचा. म्हणजे जाताना डबल सीट, येताना रिकामी, आणायला पुन्हा तेच. आता ती एकटी बसनं जाते. त्यातून भारमान वाढतं आणि एका माणसाच्या प्रवासासाठी होणाऱ्या चार फेऱ्या वाचतात.

शेतकऱ्यानं मोटारसायकल सोडावी असं म्हणायचंय?

नाही. मळ्यात रात्री लाइट येते तेव्हा एसटी येत नाही.

लग्नाला गाड्या किती काढाव्यात?

हा प्रश्न मीच घातला, कोणी विचारला नव्हता. लग्नसराईत आपल्याकडे वऱ्हाड म्हणजे आठ-दहा जीपा, त्यात निम्म्यांत चारच माणसं, कारण प्रत्येक मेहुण्याला वेगळी गाडी हवी. एसटीची अख्खी बस भाड्यानं मिळते, त्याला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. आगारात जाऊन पैसे भरायचे, तारीख लवकर धरायची, कारण मेमध्ये सगळ्यांचीच लग्नं असतात. चाळीस-पंचेचाळीस माणसं एका गाडीत, आणि गाणी म्हणत जाण्याची सोय वेगळी. भाचीच्या लग्नात आम्ही हेच केलं. मेहुणे रुसले होते, परतताना मागच्या सीटवर तेच सगळ्यात जोरात गात होते.

सगळं पटलं, पण मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीत लाल बसमध्ये बसायचं कसं?

सकाळी दहाच्या आत निघायचं, नाहीतर पाचनंतर. मधल्या वेळेत मोटारसायकलवर तरी कुठे सुख आहे, हेल्मेटमध्ये भाजीच होते.

खिडकीची बाजू आधी ठरवा. हिवाळ्यात जळगावहून धुळ्याकडे जाताना ऊन डाव्या बाजूला, म्हणून उजवीकडे बसा, येताना उलट. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी आपल्या बरोब्बर डोक्यावर असतो, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच तापतात. अशा वेळी मधल्या रांगेतली जागा धरा. मागच्या चाकावरची नको, तिथे पत्राही तापतो आणि खड्डाही लागतो. उपरणं किंवा सुती रुमाल ओला करून मानेवर टाका, पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळा. आणि समोरून येणारी हवा गरम वाटायला लागली की काच अर्धी लावून घ्या, पूर्ण उघडी ठेवलेली खिडकी मेमध्ये भट्टीच्या तोंडासारखी असते. शेजारच्यानं उघडायला सांगितलं तर त्यालाच खिडकीशी बसवा. एरंडोल येईपर्यंत तो स्वतःच लावतो.